खिशातलं बूच

माझा स्वभाव तापट आहे, मान्य. पण माझ्या जागी कुणीही असतं तरी तापटच झालं असतं. लोक हौसेनं जेट बोट विकत घेतात, तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात, आणि मग ती ट्रेलरवरून पाण्यात कशी उतरवायची, परत वर कशी चढवायची, हे शिकायला माझ्या गळ्यात पडतात. तलावाकाठच्या या दुकानात मी सतरा वर्षं हेच करतेय. आमचे मालक बोट विकतात, मेकॅनिक ती दुरुस्त करतो, आणि मी नव्या गिऱ्हाइकाला शहाणं करते. निदान प्रयत्न करते.

माझा नियम साधा आहे. पास झाल्याशिवाय चावी नाही. पैसे पूर्ण भरलेले असोत, बायकापोरं नटूनथटून काठावर उभी असोत, चावी माझ्या खिशात. एकदा मालकांनी घाई केली म्हणून मी एकाला लवकर चावी देऊन बसले. तो त्याच संध्याकाळी धक्क्यावर आदळला आणि त्याच्या बायकोचा हात मोडला. त्या बाईचा प्लास्टरमधला हात अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून मालकही मला घाई कर म्हणत नाहीत.

आणि एक माझी खास खोड आहे. बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं, आत साठलेलं पाणी काढून टाकायला. बोट जमिनीवर असली की त्याचं पितळी बूच काढून ठेवायचं, पाण्यात उतरवण्याआधी घट्ट लावायचं. विसरलात तर बोट भरायला लागलीच समजा. मी काय करते, ते बूच गुपचूप काढून खिशात घालते आणि काहीच बोलत नाही. गिऱ्हाइकानं स्वतःहून विचारलं, "अहो, बूच कुठंय?" तर पास. नाही विचारलं, तर बोट पाण्याला टेकायच्या आत मी ओरडते आणि त्याला घरी पाठवते. दहातले आठ घरी जातात.

तर त्या गुरुवारी आमच्याकडे बसवाले आले. चौतीस वर्षं बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला अजून पेन. त्यांनी एक जुनी पण चांगली जेट बोट घेतली होती. आल्या आल्या म्हणाले, "ताई, मला रविवारी सकाळी चावी हवी."

"हवी म्हणजे? पास झालात तर मिळेल."

"होईन की. चौतीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला."

असं म्हणणारी माणसं मला चांगली ओळखीची आहेत. मी म्हटलं, "रविवारीच का? मुहूर्त आहे का काही?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची आई ब्याऐंशी वर्षांची. आईची धाकटी बहीण तलावाच्या पलीकडच्या काठावर राहते. पूर्वी मधे लाँच चालायची, दोघी दर आठवड्याला भेटायच्या. चार वर्षांपूर्वी लाँच बंद पडली. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा, तीन तास, नुसती नागमोडी वळणं. आणि आईला गाडी लागते. दुसऱ्या वळणाला सुरू होते ती पोटात काही उरत नाही तोपर्यंत.

"चौतीस वर्षं मी लोकांच्या आया पोचवल्या," बसवाले म्हणाले, "माझी आई काही माझ्या बसमध्ये बसली नाही."

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून आवरलं.

"सोमवारी मावशीला तिचा मुलगा घेऊन जाणार आहे. कायमची. हजार मैलांवर. या रविवारी भेट झाली तर झाली. म्हणून बोट घेतली, ताई. तो काठ उथळ आणि दगडगोट्यांचा आहे, पंखा असलेली बोट तिथं जात नाही. हिला खाली पंखा नाही म्हणून हीच घेतली."

माणूस विचार करून आला होता, हे मला आवडलं. पण आवडलं म्हणून मी कुणाला पास करत नाही.

पहिला धडा ट्रेलर मागे घेण्याचा. आवारात दोन बादल्या ठेवायच्या आणि त्यांच्यामधून ट्रेलर उलटा न्यायचा. बसवाले ऐटीत गाडीत बसले, एक हात खिडकीवर. पाच मिनिटांत ट्रेलर गाडीला काटकोनात आणि एक बादली सपाट. उतरून ते बादलीकडे असे बघत राहिले की बादलीच मधे आली असावी.

"बस सोडा आता डोक्यातनं," मी म्हटलं. "बस एक तुकडा. हे दोन तुकडे. तुम्ही उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जाणार. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा, त्या बाजूला हात न्या. आणि थोडंच. पिठात पाणी घालतो तसं, बेतानं."

त्यांचा फोन वाजला. बघितलंसुद्धा नाही. "स्टिअरिंगवर असताना फोन नाही," म्हणाले. तासाभरात त्यांनी बादल्यांमधून ट्रेलर असा नेला की मेकॅनिक काम सोडून बघत उभा राहिला. मग ते हसतहसत उतारावरून पाण्याकडे निघाले, आरसे बघतायत, मान वळवतायत, सगळं झकास. चाकं पाण्याला टेकणार, एवढ्यात मी ओरडले, "थांबा!"

खिशातून बूच काढून दाखवलं. बिचाऱ्यांचा चेहरा पडला.

"तुम्ही काढलंत?"

"मी काढलं. तुम्ही बघितलंत?"

"नाही."

"नापास. उद्या या."

शुक्रवारी त्यांनी सगळ्यात आधी बूच मागितलं. हात पुढे करून, शाळेतल्या मुलासारखं. मी दिलं, आम्ही पाण्यात उतरलो, आणि तिथं खरी गंमत सुरू झाली.

जेट बोटीचं असं आहे. तिला सुकाणू नसतं. ती खालून पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते. त्या झोताचं तोंड फिरवलं की बोट वळते. झोत नाही तर वळणं नाही. थ्रॉटलचा, म्हणजे वेगाचा, दांडा मागे ओढलात की स्टिअरिंग कितीही गरगरा फिरवा, बोट आपली सरळ चाललेली असते, ऐकूच येत नसल्यासारखी. म्हणजे समोर धक्का आला, घाबरून दांडा मागे ओढला आणि स्टिअरिंग फिरवलं, तर गेलातच. थोडा जोर ठेवून वळायचं असतं.

आणि बसवाल्यांची चौतीस वर्षांची सवय एकच. समोर काही दिसलं की पाय काढा.

पहिल्या खेपेला धक्का वीस हातांवर असताना त्यांनी दांडा मागे ओढला. मी ओरडतेय, "जोर द्या! जोर द्या!" आणि हे स्टिअरिंग फिरवतायत. धाडकन धक्क्याच्या टायरवर. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "अहो, ऐकू येतं ना तुम्हाला?" तर म्हणाले, "डोक्याला येतं हो, हाताला येत नाही."

शनिवारी तर मी हात टेकले. सकाळपासून अकरा खेपा, आणि अकराच्या अकरा वेळा त्यांचा हात आपोआप मागे. माझा घसा बसला. शेवटी मी बोट ट्रेलरवर घ्यायला लावली, बूच काढून खिशात टाकलं आणि स्पष्ट सांगितलं, "नाही जमत. उद्या चावी नाही."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. आणि मग म्हणाले, "आईला काय सांगू?"

मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावरच खेकसले, "मला काय विचारता? सकाळी घेऊन या तिला, मीच सांगते!"

रविवारी सातला दुकान उघडतेय तर आजी हजर. घर दोन गल्ल्या पलीकडेच, चालत आल्या होत्या. एवढ्याशा, वाळक्या, हातात कापडी पिशवी, पायात नवे बूट. खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तूच का ती, माझ्या पोराला नापास करणारी?"

"मीच."

"बरं करतेस. लहानपणीपण त्याला एकदा सांगून कळायचं नाही. काय चुकतं त्याचं?"

मी सांगितलं. समोर काही आलं की हा पाय काढतो, म्हणजे हात काढतो, आणि मग बोट वळत नाही. आजींनी ऐकून घेतलं आणि बसवाल्यांकडे वळल्या. "का रे, घाटात चढावर वळण आलं की पाय काढतोस का तू?"

"छे! वेड लागलंय का? बस मागं येईल."

"मग तिथं काय करतोस?"

"जोर धरून वळवतो."

"मग हा चढच समज की मेल्या!"

मी कपाळाला हात लावला. दोन दिवस घसा फोडून मला जे सुचलं नाही, ते गाडी लागणाऱ्या बाईनं खुर्चीत बसून सांगितलं.

आम्ही लगेच पाण्यात गेलो, दुकानाची सरावाची बोट घेऊन, ती आदल्या रात्रीपासून धक्क्यालाच बांधलेली होती. धक्का जवळ आला. बसवाले पुटपुटत होते, "चढ आहे, चढ आहे, चढ आहे." हात मागे आला नाही. बोटीनं अलगद वळण घेतलं आणि धक्क्याला अशी लागली की टायरला कळलंही नाही. परत एकदा. परत एकदा. पाच खेपा, पाचही चोख. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण आतून नाचत होते. सरावाची बोट आता पुसायला हवी म्हणून मेकॅनिकला ट्रॅक्टर लावून वर काढायला सांगितली, आणि आजींकडे वळले.

आजींना लाइफ जॅकेट घालायचं नव्हतं. "यात मी गादीसारखी दिसते." मी म्हटलं, गादी तर गादी, घालायचंच. त्या म्हणाल्या, धाकटी हसेल. मी म्हटलं, हसू दे. पट्टे आवळायला दहा मिनिटं गेली. तोवर बसवाले त्यांच्या स्वतःच्या बोटीभोवती फेरी मारत होते, ट्रेलरची चाकं बुक्कीनं ठोकून बघत होते, साखळी ओढून बघत होते, मागं वाकून काहीतरी करत होते. दिवे बघत असतील म्हटलं. मग त्यांनी ट्रेलर एका दमात उतारावरून पाण्यात नेला, बोट तरंगली, आम्ही आजींना उचलून आत बसवलं. मी चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"दुपारी दोनला वारा सुटतो," मी बजावलं. "नवा माणूस वाऱ्यात पाण्यावर नको. बाराला तिथून निघायचं. म्हणजे निघायचं."

"तीन तासच मिळतील की गं," आजी म्हणाल्या.

"चार वर्षांत शून्य मिळाले होते," मी म्हटलं.

बोट निघाली. आजींचे पांढरे केस वाऱ्यावर, एका हातानं पिशवी धरलेली, दुसरा हात वर. मला भरून आलं. डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, आणि हाताला लागलं बूच.

शनिवारचं! मी शनिवारी काढून खिशात टाकलेलं! त्यांनी मागितलं नव्हतं, आणि मी, सतरा वर्षांत पहिल्यांदा, ओरडायची विसरले होते. गादी, पट्टे, धाकटी, या गडबडीत ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला मी भोक असलेल्या बोटीत बसवून पाठवलं होतं.

फोन लावला. वाजतोय, वाजतोय. आणि मला आठवलं, स्टिअरिंगवर असताना फोन नाही.

बोट वेगात असली तर पाणी त्याच भोकातून मागं बाहेर जातं, एवढाच एक आधार. थांबली की भरायला लागणार. मी मेकॅनिकवर ओरडले, "सरावाची बोट पाण्यात ढकल! आत्ता!"

"अहो ताई, पण तिचं ते..."

"पण-बिण नंतर! ढकल!"

त्यानं ढकलली. मी उडी मारली, दांडा पुढे, आणि सुसाट. आयुष्यात इतकी जोरात बोट मी चालवली नाही. बोटीचा मागचा भाग जरा जड वाटत होता. म्हटलं, माझं मनच जड झालंय. वाटेत सगळ्या देवांना कामाला लावलं आणि स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की गिऱ्हाइकांनासुद्धा कधी घातल्या नसतील.

पलीकडचा काठ दिसला. बोट दिसली. काठापासून जरा आत, गुडघाभर पाण्यात, बसवाल्यांनी इंजिन बंद करून नांगर टाकलेला, अगदी मी शिकवलं तसं, म्हणजे पाण्याबरोबर तळाचे खडे आत ओढले जाऊ नयेत. आणि बोट सरळ उभी. कोरडी ठणठणीत.

काठावर एक थोराड बाई बुटांसकट पाण्यात शिरली होती. धाकटी. धाकटी म्हणजे अठ्ठ्याहत्तर. तिनं आजींना लाइफ जॅकेटसकट मिठी मारली होती आणि मिठीतूनच म्हणत होती, "अगं, ही काय गादी घालून आलीस?"

"बोलू नकोस. चार वर्षांत किती सुटलीस तू," आजी म्हणाल्या. दोघी हसत होत्या आणि दोघींच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"ताई, तुम्ही इथं?" बसवाले म्हणाले.

मी फक्त बूच वर धरलं.

त्यांनी बुचाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागले. "अहो, मला वाटलं ही शेवटची परीक्षा! सकाळी फेरी मारताना बघितलं, भोक उघडं. म्हटलं, यावेळी मागायचंच नाही, तुम्हाला चकित करायचं. शुक्रवारीच दुकानातून जादा बूच घेऊन ठेवलं होतं. आईच्या पिशवीत होतं. लावलं आणि निघालो."

"असल्या बाईचा काय नेम," आजी काठावरून म्हणाल्या. "कधी काय काढून घेईल."

माझा जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं कळेना म्हणून मी दोन्ही केलं. तेवढ्यात बसवाले माझ्या पाठीमागे बघत हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या बोटीचं बूच कुठंय?"

मी वळले. सरावाची बोट मागच्या बाजूनं खाली बसत होती. वर काढल्यावर पाणी निथळायला मेकॅनिकनं तिचं बूच काढून ठेवलं होतं. तेच तो सांगत होता. पण-बिण नंतर.

पुढचा अर्धा तास मी कमरेएवढ्या पाण्यात होते. खिशातलं बूच तिला चपखल बसलं. बोटीचा पाणी उपसायचा पंप सुरू केला, तो बाजूनं पाण्याची धार फेकायला लागला, आणि मी ओलीचिंब काठावर येऊन बसले. धाकटीनं मला टॉवेल दिला, चहा दिला आणि आजींनी सांगितलं, "नापास."

"मान्य," मी म्हटलं.

मग मी नुसती बघत बसले. दोघी एका बाकावर, खांद्याला खांदा लावून. आधी भांडल्या, कुणाच्या लग्नात कुणी कुणाची कानातली हरवली यावरून. मग कुजबुज. मग धाकटी आजींच्या बोटांची नखं कापत होती आणि आजी तिला कापू देत होत्या. घरात खोकी बांधून ठेवलेली दिसत होती, दोरीसकट. उद्या या वेळी हा बाक रिकामा असणार होता.

पावणेबारा वाजले. बसवाले उठले, पँट झटकली. शहाणा विद्यार्थी. दबक्या आवाजात मला म्हणाले, "ताई, निघायला हवं ना? वारा सुटायच्या आत."

बाकावरच्या दोघींनी ऐकलं. धाकटीचा हात थांबला. आजींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मी बसवाल्यांपुढे हात पसरला. "चावी द्या."

"का? काय चुकलं?"

"द्या म्हणते ना."

त्यांनी दिली. मी ती खिशात घातली, बूच असायचं त्याच खिशात.

"माझी बोट इथं टाकून मी जाणार नाही, आणि मला सोडून नव्या माणसानं एकट्यानं परत जायचं नाही. हा नियम आहे," मी सांगितलं. असा काही नियम नव्हता. "आणि माझ्या बोटीचा पंप बिघडलाय. दोनच्या आत काही ती रिकामी व्हायची नाही. दोनला वारा. म्हणजे आता उद्या सकाळीच."

पंप माझ्या पाठीमागे मजेत धार फेकत होता. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. बसवाल्यांनी त्या धारेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. चौतीस वर्षांत एक मिनिट उशिरा बस न सोडलेला माणूस तो.

"हो," ते म्हणाले, "बिघडलाय खरा."

आजींनी पिशवी खाली ठेवली आणि दुसरा हात धाकटीपुढे केला.